एलईडी लावले, बिल तसंच! मग सरकारी योजनांची बचत मोजतात तरी कशी?

सुहास_कर्वेनगर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

यंदा सोसायटीचा खजिनदार मी आहे, म्हणून हा प्रश्न. मार्चमध्ये आम्ही पार्किंग, जिने आणि गेटजवळच्या सगळ्या जुन्या ट्यूब काढून एलईडी बसवले. एकूण ८४. जुनी ट्यूब चोकसकट ५० वॅट, नवी २०. नगामागे ३० वॅट वाचले, रोज १२ तास, म्हणजे महिन्याला साधारण ९०७ युनिट. हा हिशोब दुकानदारानं कागदावर मांडून दिला, मी तपासला आणि जनरल बॉडीत वाचून दाखवला. पंचावन्न हजारांचा खर्च मंजूर झाला.

परवा बिलं शेजारी शेजारी ठेवली. गेल्या ऑगस्टला कॉमन मीटरचे ३१४० युनिट, यंदाच्या ऑगस्टला ३०९५. फरक फक्त ४५ चा. रुपयांत तर बिल वाढलंय. रविवारी एका काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "नऊशे युनिट गेले कुठे?" मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागलंय.

त्यावरून मोठा प्रश्न पडला. उजाला योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली. सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे ३६ कोटी ७८ लाख एलईडी बल्ब वाटले आणि त्यातून वर्षाला ४७७८ कोटी युनिट वाचतात. एवढ्या बल्बांपैकी एकालाही मीटर नाही. मीटर असूनही माझी बचत सापडत नाही, तर त्यांना ती सापडते कशी? टीका म्हणून विचारत नाही, खरंच समजून घ्यायचंय.

मीटरमामा

वीज कंपनीत ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. सुहासराव, आधी रुपये बाजूला ठेवा. दर बदलतो, इंधन समायोजन आकार येतो-जातो, स्थिर आकार वेगळा. युनिटच बघा. तेही रीडिंगच्या तारखा बघून. एक बिल २८ दिवसांचं आणि दुसरं ३३ दिवसांचं असेल तर तिथंच सगळा घोळ.

दुसरं, तुमच्या कॉमन मीटरवर लिफ्ट आणि पाण्याचा पंपही असणार. त्या गर्दीत दिव्यांची बचत शोधणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत कोण किती जिलब्या खाऊन गेला ते विचारण्यासारखं. दिव्यांच्या लाइनीला वेगळा सबमीटर लावा.

बंड्या

मामा, आमच्याकडे त्या जिलब्यांचाही हिशोब ठेवतात 😄

सुहास_कर्वेनगर

मामा, तारखा पाहिल्या. दोन्ही बिलं ३१ दिवसांची आहेत. लिफ्ट आणि पंप आहेतच, पण त्यांत काही बदल केलेला नाही.

रेवती

उजालाच्या आकड्याचा भागाकार करून पाहिला. ४७७८ कोटी भागिले ३६.७८ कोटी, म्हणजे बल्बमागे वर्षाला १३० युनिट. साठ वॅटचा पिवळा बल्ब काढून नऊ वॅटचा एलईडी लावला तर ५१ वॅट वाचतात. तेवढ्यावर १३० युनिट वाचवायचे तर तो बल्ब रोज सात तास जळायला हवा.

मग घरात फिरून आले. आमच्याकडे त्या योजनेतले पाच बल्ब आहेत. स्वयंपाकघरातला सहा तास चालतो. देवघरातला दोन. मोरीतला सगळा मिळून तासभर. गॅलरीतला पाहुणे आले की. पाचवा सासूबाईंनी कपाटात जपून ठेवलाय, खोक्यासकट. शिवाय स्वयंपाकघरात आधी पिवळा बल्ब नव्हताच, १४ वॅटचा सीएफएल होता. तिथली बचत ५१ नाही, ५ वॅट.

एका घरावरून देशाचं सांगता येत नाही हे मान्य. पण निदान पन्नासेक घरांत कोणीतरी असं फिरायला हवं होतं असं वाटतं.

अनघा_के

रेवतीताई, तुम्ही केलंत तेच योजनांच्या मूल्यमापनातलं पहिलं काम. माझं शिक्षण याच विषयातलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बचत ही न घडलेली गोष्ट असते. मीटर फक्त घडलेलं मोजतो. त्यामुळे बचत काढताना नेहमी एका कल्पनेशी तुलना करावी लागते: योजना नसती तर काय झालं असतं? बल्बसारख्या ठिकाणी हा प्रश्न सूत्र बांधून सोडवतात. इतके वॅट, इतके तास, इतके नग, करा गुणाकार. कोट्यवधी बल्बांसाठी दुसरा स्वस्त मार्गही नाही. पण सूत्रातला प्रत्येक आकडा अधूनमधून घरात जाऊन पडताळावा लागतो. जुना दिवा कुठला होता? किती तास चालतो? कपाटात किती पडलेत? आणि सगळ्यात अवघड, योजना नसती तरी किती जणांनी एलईडी घेतलाच असता?

मात्र उजालाच्या बाजूनंही एक गोष्ट लिहायलाच हवी. २०१४ च्या सुरुवातीला एका बल्बची खरेदी किंमत ३१० रुपये होती. सरकारी कंपनीनं सगळ्यांची मागणी एकत्र करून लाखांच्या संख्येनं निविदा काढल्या आणि २०१६ मध्ये तीच किंमत ३८ रुपयांवर आली. त्याचा परिणाम कोपऱ्यावरच्या दुकानातही झाला. तिथून विकत घेतलेले बल्ब योजनेच्या आकड्यात नाहीत. म्हणजे एका बाजूनं बचत फुगवून मोजली जाते आणि दुसऱ्या बाजूनं योजनेचं खरं यश मोजलंच जात नाही. माझ्या मते उजालाचं सर्वांत मोठं काम बाजारभाव पाडणं हेच होतं. बल्बवाटप हा त्याचा मार्ग होता.

सुहासजी, तुमच्या सोसायटीबद्दल दोन प्रश्न. जुन्या ८४ ट्यूबांपैकी चालू किती होत्या? आणि त्या रोज किती वाजता लागायच्या, किती वाजता बंद व्हायच्या? कागदावरचं नको, खरंखुरं.

सुहास_कर्वेनगर

हे मी कोणालाच विचारलं नव्हतं. वॉचमनकाकांना विचारून सांगतो.

विहीरवाला_सांगोला

तुमचं ट्यूबचं वाचून आमच्या मोटारीची गोष्ट सांगावीशी वाटली.

आमच्या शेजारी मंगळवेढा तालुका. देशातला कृषिपंप बदलण्याचा पहिला प्रयोग तिथंच झाला. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे ते चांदण्यांचं लेबल देणारे बीईईवाले, आणि महावितरण यांनी मिळून २२०९ जुने पंप काढून नवे बसवले. शेतकऱ्याला पंप फुकट. वाचलेल्या विजेतून खर्च वसूल करायचा अशी रचना. आमच्या पाहुण्यांकडं तसा पंप होता, तो मी जवळून बघितलाय. पाणी जोरात यायचं, मोटार गार राहायची. चांगलाच होता.

पण शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. आमचं बिल हॉर्सपॉवरवर, युनिटवर नाही. आता २०२४ पासनं साडेसात एचपीपर्यंत वीज माफच आहे. वीज वाचली तर माझा एक रुपया वाचत नाही. मग मी मोटार घेताना काय बघणार? ती जळणार नाही एवढंच. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड असला की चारशे व्होल्टच्या जागी सव्वातीनशे मिळतं. माझी मोटार चार वर्षांत तीनदा जळली. ऐन हरभऱ्याच्या पाण्याला जळली की कॉइल भरून मिळेस्तोवर पाच-सहा दिवस जातात, आणि तेवढ्यात पीक माना टाकतं. म्हणून आम्ही जाड, दणकट, जास्त वीज ओढणारी मोटार घेतो. पाटीवर पाच एचपी, ओढते सात. तुम्ही याला अडाणीपणा म्हणाल, आमच्यासाठी तो विमा आहे.

दुसरी गोष्ट आठ तासांची. मोटारीला लागणारी थ्री फेज वीज येते आठ तास, ऑटो स्विच लावलेला असतो, लाइट आली की मोटार चालू. नवा पंप तेवढ्याच तासांत जास्त पाणी उपसतो. विहिरीत पाणी मोजकं असलं तर लवकर तळ लागतो, मोटार लवकर बंद होते, वीज खरंच वाचते. पण पाणी असलं तर आठच्या आठ तास चालते. वीज फार वाचत नाही, पाणी मात्र जास्त निघतं. उन्हाळ्यात आमची विहीर दोन तासांत रिकामी होते, तेव्हा बचत. श्रावणात नाही. मग साहेब लोक कुठल्या महिन्यात मोजतात त्यावर सगळं आलं की.

अनघा_के

दादा, हा सगळा प्रतिसाद मी जपून ठेवतेय. "कुठल्या महिन्यात मोजतात" हा प्रश्न मोठमोठ्या अहवालांत सुटून जातो.

मीटरमामा

विहीरवाले खरं बोलतायत, त्यात माझी भर. लाखो कृषिपंपांना मीटर नाही. त्यांचा वापर अंदाजानं धरतात. आता योजना आली आणि पंप बदलले. बचत किती? आधीचा अंदाज वजा नंतरचा अंदाज. त्यातच गळती आणि आकडे टाकून घेतलेली वीजही शेतीच्या नावावर बसते. मी सबस्टेशनवर असताना गावठाणाचा फीडर, म्हणजे तिथून निघणारी वीजवाहिनी, वेगळा केला, शेतीचा वेगळा. त्या दिवसापासून निदान शेतीच्या फीडरला एकूण किती वीज गेली ते कळू लागलं. माझं मत विचाराल तर पंप बदलण्याच्या आधी फीडर वेगळा करणं आणि त्यावर नीट मीटर लावणं हे पहिलं काम. आणि डीपीवर व्होल्टेज सावरणारा कपॅसिटर. व्होल्टेज सुधारलं तर विहीरवाल्यांची मोटार जळणारच नाही आणि चांगला पंप घ्यायची त्यांची भीतीही जाईल.

विहीरवाला_सांगोला

मामा, लाख बोललात. आधी व्होल्टेज द्या, मग पंप द्या.

जुनी_चाळ

अवांतर आहे, पण लोडशेडिंगचे दिवस आठवले. २००५ च्या आसपास माझ्या माहेरी, जुन्नर तालुक्यात, अक्षय प्रकाश योजना होती. गावानं मिळून ठरवायचं की संध्याकाळी शेतीच्या मोटारी, गिरणी, शेगड्या चालवायच्या नाहीत, आणि त्या बदल्यात घरातले दिवे जाणार नाहीत. कोणी चोरून मोटार लावली तर सगळं गाव अंधारात, म्हणून लोकच एकमेकांवर लक्ष ठेवायचे. माझा भाऊ तेव्हा दहावीला होता. आई संध्याकाळी ओट्यावर बसून कुठून मोटारीचा आवाज येतो का ऐकायची. एकही यंत्र न बदलता भार उतरला होता. धोरण म्हटलं की मला अजून तेच आठवतं, कारण त्यात फायदा त्याच रात्री घरात दिसायचा.

बंड्या

+१. आमच्याकडे आजीनं गिरणीवाल्यालाच दम दिला होता.

मिशिगनकर

इथल्या अनुभवाबद्दल लिहितो. माझं घर १९२६ साली बांधलेलं, लाकडी. जानेवारीत भिंतीला हात लावला तर बाहेर उभं राहिल्यासारखं वाटतं. अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या घरांसाठी सरकारी कार्यक्रम आहे. माळ्यावर आणि भिंतींत इन्सुलेशन भरून देतात, फटी बुजवतात, घर गरम ठेवणारी भट्टी बदलतात. घरामागे पाच हजार डॉलरच्या आसपासचं काम, आणि तेही फुकट.

याच मिशिगन राज्यात तीन अर्थशास्त्रज्ञांनी ३० हजारांहून जास्त कुटुंबांवर त्याचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं काही कुटुंबांना निवडून मदत केली. घरोघर फिरले, फोन केले, अर्ज भरून दिले. एवढं करूनही त्या गटातल्या सहा टक्क्यांपेक्षा कमी घरांनी काम पूर्ण करून घेतलं. आणि ज्यांनी केलं त्यांच्या बाबतीत इंजिनिअरांच्या मॉडेलनं सांगितलेली बचत प्रत्यक्ष बचतीच्या जवळजवळ अडीच पट निघाली. खर्च फायद्यापेक्षा जास्त. लोक घर जास्त ऊबदार ठेवू लागले असतील, म्हणून घरातलं तापमानही तपासलं. त्यात तसा फरक दिसला नाही. म्हणजे मॉडेलच जास्त आशावादी होतं.

मला त्यातली सहा टक्क्यांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. माझ्या शेजारीण बाईंना मी स्वतः तो अर्ज भरून देऊ केला होता. त्या म्हणाल्या, कामावरून दोन दिवस सुट्टी घ्यावी लागेल, ती मिळत नाही. फुकट असलेली गोष्टही फुकट नसते.

तारांकित

मी उपकरणांच्या चाचण्यांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. असे अभ्यास वाचून "कार्यक्षमतेच्या योजना फसव्या असतात" असा निष्कर्ष लोक काढतात. तो चुकीचा आहे.

फ्रिज घ्या. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या मध्याला नवा फ्रिज वर्षाला साधारण १८०० युनिट खायचा. आजचा त्याहून मोठा असूनही त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास खातो. त्यासाठी कोणाच्या घरी जाऊन अर्ज भरून घ्यावे लागले नाहीत. किमान मानक ठरलं, आणि वाईट फ्रिज दुकानातूनच गेला. ग्राहकाला काही ठरवावंच लागलं नाही.

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, ब्युरो २००२ चा, तारांकन २००६ पासून. एसी आणि फ्रॉस्ट फ्री फ्रिजला ते २०१० मध्ये सक्तीचं झालं, छताच्या पंख्याला तर थेट २०२३ मध्ये. पंखा प्रत्येक घरात आहे, झोपडीतही आहे. जुना पंखा ७५ वॅट, नव्या प्रकारच्या मोटारीचा बीएलडीसी पंखा २८ ते ३५. ज्या वस्तूनं सर्वांत जास्त घरांची वीज वाचली असती ती रांगेत सगळ्यात मागे राहिली. माझी तक्रार असेल तर ती इथे आहे. आणि ताऱ्यांचा तक्ता दर काही वर्षांनी वर सरकवावा लागतो, नाहीतर सगळाच माल पंचतारांकित होऊन बसतो आणि लेबलला अर्थ राहत नाही.

अनघा_के

@तारांकित, मानकांबद्दल पूर्ण सहमत. पण जुनं यंत्र बदलून देण्याच्या योजनेत फ्रिजसुद्धा फसू शकतो. मेक्सिकोनं २००९ मध्ये जुने फ्रिज आणि एसी बदलून द्यायला सुरुवात केली. नंतर घरोघरच्या वीजबिलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा फ्रिज बदललेल्या घरांचा वापर फक्त ८ टक्के कमी झाला होता, म्हणजे अंदाजाच्या जेमतेम पाव. आणि एसी बदललेल्या घरांचा वापर चक्क वाढला. चालवणं स्वस्त झालं म्हणून लोक एसी जास्त लावू लागले. नवे फ्रिज आकारानं मोठे होते. आणि जमा झालेली यंत्रं आधी धरलं होतं तितकी जुनीही नव्हती.

तारांकित

एसी जास्त लावला म्हणजे उकाड्यात झोप लागली. ते नुकसान कसं?

अनघा_के

नुकसान मुळीच नाही. ते आयुष्य सुधारणं आहे आणि त्याचीही नोंद व्हावी. पण "इतकी वीज वाचेल म्हणून नवं वीज केंद्र नको" असं कोणी लिहून ठेवलं असेल, तर तो हिशोब कोसळतो. म्हणून योजना आखतानाच लिहावं, आपल्याला वीज कमी करायची आहे की त्याच विजेत जास्त सुख द्यायचं आहे. दोन्ही चांगलं आहे. पण मोजायची पट्टी वेगळी.

चंद्रपूरकर

सिमेंट कारखान्यात आहे. मोठ्या उद्योगांसाठी पॅट योजना होती, तिचं पहिलं चक्र २०१२ ते २०१५. आठ क्षेत्रांतले ४७८ कारखाने. प्रत्येकाला टनामागे इतकी ऊर्जा असं लक्ष्य. जास्त वाचवली तर प्रमाणपत्रं मिळतात, ती विकायची. कमी पडलात तर विकत घ्यायची. लक्ष्य होतं सुमारे ६६.९ लाख टन तेलाइतक्या ऊर्जेचं, बचत झाली ८६.७ लाख टनांची.

आमच्याकडे पेढे वाटले. पण मला तेव्हापासून वाटतं की लक्ष्यापेक्षा तीस टक्के जास्त साधलं म्हणजे लक्ष्यच सोपं असणार. सगळ्यांकडेच प्रमाणपत्रं जास्त झाली तर घेणार कोण? भाव पडतो, आणि ज्यानं जादा मेहनत घेतली त्याचा हुरूप जातो. तरी एक गोष्ट मान्य करतो. त्या योजनेमुळे आमच्या भट्टीच्या प्रत्येक पंख्याला आणि प्रत्येक गिरणीला स्वतंत्र मीटर बसला. त्याआधी एकूण बिलच बघायचो. मीटर बसल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं की एक मोठा पंखा अर्धवट बंद डँपरवर, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपेवर, चालतोय, गाडीचा ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर द्यावा तसा. मोटारीचा वेगच गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हीएफडी लावला, प्रश्न मिटला.

मीटरमामा

चंद्रपूरकर, शेवटच्या चार ओळींसाठी साष्टांग नमस्कार.

सुहास_कर्वेनगर

मंडळी, उत्तर मिळालं! वॉचमनकाकांशी तासभर बोललो, जुन्या इलेक्ट्रिशियनलाही फोन केला. अनघाताईंनी विचारलेल्या दोन प्रश्नांतच सगळं होतं.

८४ ट्यूबांपैकी २६ बंद होत्या. काही वर्षभर, काही त्याहून जास्त. म्हणजे चालू ५८. काका त्या संध्याकाळी सात ते रात्री बारा लावायचे. बारानंतर एक आड एक बंद करायचे, म्हणजे २९, सकाळी सहापर्यंत. हा त्यांनी स्वतःच ठरवलेला नियम, कोणी सांगितला नव्हता. हिशोब केला: १४.५ अधिक ८.७, रोज २३.२ युनिट.

एलईडी आल्यावर सगळेच म्हणाले की याला वीज लागतेच किती, राहू द्या. आता ८४ च्या ८४ संध्याकाळी साडेसहा ते सकाळी साडेसात, १३ तास चालतात. रोज २१.८४ युनिट.

फरक रोज १.३६. महिन्याला ४१. बिलात ४५ दिसले होते!

मी नऊशे म्हणालो तेव्हा न लागणाऱ्या ट्यूबांचीही वीज वाचवत होतो.

रेवती

वा! चोर सापडला. आणि काकांचा एक आड एकचा नियम म्हणजे सोसायटीतलं खरं ऊर्जा धोरण.

अनघा_के

सुहासजी, आता आणखी एक गुणाकार करा. आज मिळतोय तेवढाच उजेड, तेवढेच १३ तास, जुन्या ५० वॅटच्या ८४ चालू ट्यूबांनी द्यायचा असता तर? ४.२ किलोवॅट गुणिले १३, रोज ५४.६ युनिट. त्यातून आजचे २१.८४ वजा केले की रोज ३२.७६, महिन्याला ९८३.

म्हणजे तेच दिवे, तोच जिना, आणि बचत ४१ किंवा ९८३. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सांगतो बिलात काय झालं. दुसरा सांगतो तेवढाच उजेड जुन्या पद्धतीनं मिळवायला किती वीज जास्त लागली असती. दुकानदाराचा ९०७ त्या दुसऱ्याच्या जातीचा होता, पण तुम्ही मीटिंगमध्ये तो पहिला म्हणून वाचलात. मोठ्या योजनांत गोंधळ होतो तो नेमका इथे.

जुनी_चाळ

त्या बंद असलेल्या २६ ट्यूब कुठल्या होत्या हो? विचारतेय कारण आमच्या जिन्यात दोन वर्षं अंधार होता. माझी भाची नर्स आहे, रात्रपाळी करून दीड वाजता येते. ती आल्याचं कळावं म्हणून मी जागी राहायची. दिवा लागल्यापासून झोपते. तुमच्या काकांना सांगा, नऊशेतले काही युनिट असे कुणाच्या तरी झोपेत गेलेत.

सुहास_कर्वेनगर

ताई, ९ ट्यूब मागच्या जिन्यात आणि बाकीच्या बेसमेंटच्या उतारावर. तुमचा प्रतिसाद मी रविवारी तसाच्या तसा वाचून दाखवणार आहे.

विहीरवाला_सांगोला

खजिनदारसाहेब, मग आता करणार काय?

सुहास_कर्वेनगर

तीन दिवसांनी परत येतोय.

रविवारी दोन्ही हिशोब फळ्यावर मांडले. ज्या काकांनी प्रश्न विचारला होता, त्यांनीच उठून टायमरसाठी तीन हजार रुपये सुचवले. ठरलं असं: संध्याकाळी पावणेसात ते बारा सगळे ८४. बारा ते सकाळी सव्वासहा निम्मे. पण बंद करायचे निम्मे पार्किंगमधले आणि बागेजवळचे. जिने, उतार आणि गेट रात्रभर चालूच. हिशोबानं रोज १४ युनिट लागायला हवेत, म्हणजे जुन्या २३.२ पेक्षा नऊ कमी, तेही एकही दिवा नादुरुस्त न ठेवता.

मामांनी सांगितल्याप्रमाणे दिव्यांच्या लाइनीला वेगळा सबमीटर लावलाय, आणि पंपालाही. वॉचमनकाकांना वही दिलीय. रोज सकाळी सातला दोन्ही रीडिंग तेच लिहिणार.

मीटरमामा

पंपाचं रीडिंग मुद्दाम बघा. टाकी भरून वाहिली तरी वरच्या मजल्यांशिवाय कोणाला कळत नाही.

सुहास_कर्वेनगर

मामा, पहिल्या दिवसाचं रीडिंग आलं. दिवे १४.३ युनिट. पंप ३१.६. इलेक्ट्रिशियन म्हणतो या पंपानं आमच्या पाण्याला एवढं खायला नको. उद्या सकाळी गच्चीवर जाऊन टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉलकॉक बघतो.